मे महिन्यात सादळलेल्या कुरडया

"अवो, तो कूलर आहे, तुमचा दुखरा दात नाही. किती टोकरान त्याले?"

आमचे हे टोकरतच राहिले. सुनेच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला होता. त्याची एका बाजूची ताटी काढून यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि वरच्या पन्हळीची भोकं दाभणानं एकेक करून मोकळी करत बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल, चष्मा कपाळावर, आणि पाठीवर अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन.

"खार बसते भोकात," ते शेवटी म्हणाले. "मंग पाणी ताटीवर सारखं उतरत नाही. एक कोपरा कोरडा राह्यला की तिथून गरम हवा सरळ आत घुसते."

"कालच तर साफ केलं होतं."

"काल ती बाजू केली. आज ही."

"आणि उद्या?"

"उद्या पंप पाहतो," असं म्हणून त्यांनी दाभण पुन्हा भोकात घातलं.

हे, म्हणजे वासुदेवराव गावंडे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि आमच्या कॉलनीचे बिनपगारी कूलर-डॉक्टर झाले. होळी झाली की घरोघरून बोलावणी सुरू. कोणाच्या ताटीतलं गवत कुजलं, कोणाचा पंप कुरकुरतो, कोणाच्या टाकीला वास येतो. हे जायचे, पाहायचे, आणि काहीही बिघडलेलं असो, निघताना एकच गोष्ट बजावून यायचे: समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. गारवा बाहेर जाईल म्हणून लोक दारं-खिडक्या गच्च लावून बसतात, ते पाहिलं की यांचं डोकं फिरायचं. "अरे, आतली हवा बाहेर गेल्याशिवाय नवी येईन कुठून? खोली आहे का फुगा?" असं त्यांनी एकदा भर लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापाला ऐकवलं होतं. मी तेव्हा पदरानं तोंड झाकून घेतलं होतं.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेच्या खोलीत, कूलर चालत नव्हता. सकाळी बरोबर चालायचा आणि दुपारी नापास व्हायचा.

विशाखा आमच्या घरात डिसेंबरात आली. माहेर वेंगुर्ल्याचं, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. आमचा शैलेश पुण्यात नोकरीला होता, तिथे दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आणि लग्न ठरता ठरता त्याला इथल्या कॉलेजात जागा मिळाली. थंडीत पोरगी मजेत होती. माझ्याकडून पुरणाचे मांडे शिकली, मला सोलकढी शिकवली, "आई, तुमच्याकडे तिखट म्हणजे शिक्षा आहे हो" असं म्हणून डोळे पुसत हसायची. मला तर बाई ती फार आवडली होती. माझी जीभ जरा तिखट आहे, पण ती उलटून हसायची, रुसायची नाही.

मार्च संपला आणि तिचं हसू आटत गेलं. ओठ फुटले. नाकातून दोनदा रक्त आलं. हातापायाची कातडी खरखरीत झाली. आम्हाला उन्हाळ्याची सवय. कांदा खिशात घालू, डोक्याला रुमाल बांधू आणि जाऊ. तिला नुसता वारा लागला तरी ती भिंतीला टेकायची. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. तिचा भाऊ सुहास तिला न्यायला मे महिन्यातल्या एका रविवारी येणार असं ठरलं. पहिल्या उन्हाळ्यात मुलगी माहेरी जाते, त्यात काही वावगं नव्हतं. पण शैलेशनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, ती गेली तर वापस येईन असं मले नाही वाटत."

"काहून? भांडले का तुमी?"

"नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणते, मले इथं श्वासच घेता येत नाही. म्हणते, दरवर्षी हेच असणार नं शैलेश? मी काय सांगू तिले? नाही असणार म्हणू?"

माझी तव्यावरची पोळी करपली. हे तेव्हा मागच्या दारात हात धूत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्याच दिवशी त्यांनी दिवाणखान्यातला मोठा कूलर उचलून सुनेच्या खोलीला लावला, आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या वाट्याला घरघर करणारा जुना डबा आला. यांच्या डोक्यात साधा हिशेब होता. खोली गार झाली की पोरगी राहील.

मग सुरू झालं यांचं युद्ध. गवताच्या ताट्या काढून वाळ्याच्या बसवल्या. कूलरवर ऊन पडू नये म्हणून वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर केलं. स्टँडखाली पाचर मारून कूलर सरळ केला, कारण तो एका अंगाला कलला होता म्हणे. रोज सकाळी विशाखा माझ्याजवळ भाजी निवडायला बसली की हे तिच्या खोलीत जाऊन परीक्षा घ्यायचे. समोरची खिडकी वीतभर उघडी, हवा खेळती, खोली झकास गार. खूश होऊन बाहेर यायचे. आणि दुपारी चारला विशाखा खोलीचं दार उघडून चहा ठेवायला बाहेर आली, की तिच्या मागून दमट हवेचा भपकारा यायचा. तिचे केस मानेला चिकटलेले, गाऊन ओलसर.

"बेटा, गार नाही लागत का व आत?" हे दिवाणखान्यातूनच विचारायचे.

"छान लागतं, बाबा. खूप छान."

"सासऱ्याचं मन राखते पोरगी," हे मला हळूच म्हणायचे, आणि उठून पुन्हा पाना-पक्कड घ्यायचे.

आता कोणी म्हणेल, दुपारीच आत जाऊन का नाही पाहिलं? आमच्याकडे सून दुपारी आडवी झाली असेल तर सासरा तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. दार वाजवत नाही, खिडकीच्या बाजूला फिरकतही नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्या सासऱ्यांनी पाळलं आणि यांनीही पाळलं. आणि मी? मी त्या वेळी जुन्या डब्यासमोर घोरत असायची, खोटं कशाला बोलू.

हा गुंता सुटला तो माझ्या कुरडयांमुळे. गच्चीवर वाळवलेल्या कुरडया डब्यात भरायच्या आधी दोन दिवस सावलीत पसरून ठेवायची माझी पद्धत आहे. यंदा जागा नव्हती म्हणून विशाखाच्या पलंगाखाली जुनी चादर अंथरून त्यावर ठेवल्या होत्या. सुहास यायच्या आधीच्या शुक्रवारी डबा भरायला घेतला आणि एक कुरडई हातात उचलली, तर ती मोडेचना. वाकली. सादळली होती! अकोल्यात, मे महिन्यात! इथे या दिवसांत धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. पाण्याचा थेंब जमिनीवर पडायच्या आधी उडून जाईल की काय असं वाटतं. आणि माझ्या कुरडया सादळल्या?

मी त्या दुपारी झोपले नाही. विशाखानं दार लोटून घेतलं, बराच वेळ गेला, आणि मी दार हळूच ढकलून आत गेले.

आत पाऊल टाकलं आणि आपण न्हाणीघरात शिरलो असं वाटलं. समोरची खिडकी गच्च बंद होती. फटींमध्ये ओला टॉवेल कोंबलेला. कूलर जीव तोडून पाण्याची हवा आत फेकत होता आणि तिला जायला वाट नव्हती. आरशावर ओल धरली होती. भिंतीवरचं कॅलेंडर फुगून वाकडं झालं होतं.

माझं डोकं तडकलं. महिना झाला माझा म्हातारा उन्हात भोकं टोकरतोय आणि ही बया खिडकी लावून बसते! मी तरातरा खिडकीकडे गेले, टॉवेल ओढला, कडीला हात घातला, आणि तेवढ्यात माझी नजर तिच्याकडे गेली.

पलंग सोडून ती खाली फरशीवर निजली होती. हात उशाशी, पाय पोटाशी घेतलेले. इतकी गाढ झोप मी तिची कित्येक आठवड्यांत पाहिली नव्हती. चेहरा तजेलदार, फुटलेले ओठ मऊ पडलेले, कपाळावर बारीक घाम. डिसेंबरात आमच्या घरात आली होती ती मुलगी मला फरशीवर निजलेली दिसली.

कडी वाजली असावी. तिनं डोळे उघडले आणि धडपडत उठली.

"आई, नका ना उघडू. प्लीज. पाचच मिनिटं."

"अवं, पण गुदमरून मरशील नं! हे काय करून ठेवलं तू?"

ती मान खाली घालून बसली. मी कडी सोडली नाही. मग ती म्हणाली, "असं केलं की घरासारखं वाटतं."

"कोणत्या घरासारखं?"

"आमच्या. वेंगुर्ल्याच्या. मे महिन्यात तिथे असंच असतं, आई. अंगाला कपडे चिकटतात. मीठसुद्धा ओलं होतं बरणीत. सगळे वैतागतात, मी पण वैतागायचे. मला कुठे ठाऊक होतं की मला तेच लागतं." तिला रडू फुटलं. "बाबा विचारतात गार लागतं का. मला गार नकोच आहे. मला ओलं हवंय. इथे सगळं कोरडं आहे, हवा कोरडी, माती कोरडी, माझा घसा कोरडा. दुपारी खिडकी लावते तेव्हा तेवढा वेळ मला श्वास येतो."

"मंग सांगितलं काहून नाही, येडे?"

"कसं सांगू? ते रोज उन्हात उभे राहून कूलर दुरुस्त करतात. सगळ्या कॉलनीला खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगतात. त्यांना काय वाटलं असतं? चार वाजले की मी खिडकी उघडते आणि मगच दार उघडते. त्यांना कळू नये म्हणून."

मी खाली तिच्याजवळ बसले. माझ्या लग्नानंतर मी पलीकडच्या तालुक्यातून इथे आले होते, बैलगाडीनं निघालं तरी दुपारपर्यंत पोचावं इतक्या अंतरावरून, आणि तरी पहिलं वर्ष मी मोरीत तोंड लपवून रडत असे. ही पोरगी तर महाराष्ट्राच्या त्या टोकाहून आली होती. मला तिची इतकी माया आली की मी तिचं ओलं डोकं छातीशी धरलं, आणि कुरडयांचं नाव काढलं नाही.

"बाबांना सांगू नका हां आई," ती म्हणाली.

मी हो म्हटलं, आणि स्वयंपाकघर ओलांडायच्या आत यांना सगळं सांगून मोकळी झाले. माझ्या पोटात आजवर काही राहिलं आहे का!

हे नवा पंप पिशवीतून काढत होते. ऐकत राहिले. पंप पुन्हा पिशवीत ठेवला. आणि म्हणाले, "म्हणजे कूलर बरोबर होता."

"त्याचंच पडलं आहे तुमाले?"

"नाही व. मी म्हणतो, कूलर बरोबर होता. मीच भलतं काम सांगत होतो त्याले."

शनिवारी सकाळी त्यांनी शैलेशला सांगून विशाखाला बाजारात पाठवलं. माहेरच्यांसाठी काही घेऊन ये म्हणाले. ती दोघं गेली आणि हे खोलीत शिरले. आयुष्यभर हवेला वाट करून देणारा माणूस आता वाटा बुजवायला बसला. सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या खिडकीच्या चौकटीला ठोकल्या. बाहेरून तट्टा लावला, त्यावर पाण्याची धार सोडली. पंख्याची गती कमी केली, पंप पूर्ण सोडला.

"हवा हळू आली की ताटीतून जास्त ओल घेते," मला समजावून सांगत होते. "पंखा जोरात असला की कोरडीच पळते. तू एक काम कर. तिले विचार, तिच्याकडं सकाळी जास्त ओल असते का संध्याकाळी?"

"अवो, ती काय हवामान खातं आहे?"

"विचार तर खरं." मग त्यांनी पन्हळीत हात घातला. "पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर?"

"मीठ?"

"समुद्राचा वास यावा म्हणून." मग स्वतःच मान हलवली. "नाही जमणार. पत्रा सडन."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी मुकाट्यानं त्यांच्या हातात खिळे देत राहिले.

संध्याकाळी विशाखा परत आली, खोलीत गेली, आणि तशीच बाहेर आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "बेटा, दुपारी ती खिडकी बंदच ठेवत जाजो. फक्त सकाळी तासभर उघडजो, नाही तर भिंतीले बुरशी लागन."

ती "हो बाबा" म्हणाली. रात्रीच्या जेवणाला भात मागून घेतला. पण बॅग भरायची थांबली नाही. शैलेश पलंगाच्या कडेला बसून तिच्या साड्यांच्या घड्या करून देत होता. खोलीची हवा बदलली म्हणजे माणसाचं मन बदलतंच असं थोडंच आहे.

रविवारी सुहास आला. स्टेशनपासून घरापर्यंत येताना तोंड लाल झालेलं. जेवला आणि बहिणीच्या खोलीत जाऊन आडवा झाला. उठून बाहेर आला तो चकित होऊन. "गो विशाखा, ह्यां तर आपल्या माजघरासारख्यां वाटतां!" ती हसली आणि पुन्हा बॅगेकडे वळली. रात्रीच्या गाडीची दोघांची तिकिटं सुहासच्या खिशात होती.

ऊन उतरल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. विशाखा आत शेवटची बॅग बांधत होती. तेवढ्यात शेजारचे सरप आडनावाचे मास्तर फाटकातून आत आले. मास्तर म्हणजे यांचे जुने शिष्य. दरवर्षी कूलर दाखवायचे आणि दरवर्षी खिडकी लावून बसण्यावरून बोलणी खायचे. येता येता त्यांची नजर त्या खिडकीवर गेली. तट्टा, ट्यूबच्या पट्ट्या, सगळं दिसलं त्यांना. त्यांना तर दिवाळीच झाली.

"काय हो गावंडेसाहेब! लोकाले ज्ञान सांगता, अन् सोताच्या घरी खिडकी पॅकबंद? मले मागच्या साली काय म्हणाले होते तुमी? खोली आहे का फुगा! माह्या बायकोसमोर म्हणाले होते!"

सुहास कुतूहलानं पाहू लागला. मी तोंड उघडणार होते, मास्तरांना चार शब्द सुनावून वाटेला लावणार होते. यांनी हातानं मला थांबवलं.

"म्या चुकत होतो, मास्तर," हे म्हणाले. "इतके वर्षं चुकीचंच सांगत आलो. बंद खिडकीच चांगली."

माझ्या संसाराला तेव्हा तीस वर्षं होत आली होती. मी चुकलो, हे शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. भाजीत मीठ जास्त पडलं तरी दोष मिठाचा, असा हा माणूस. मास्तर पण गडबडले. चेष्टा करायला आले होते, ते आता ओसरीच्या कडेला टेकले.

"नाही काका." विशाखा दारात उभी होती. केव्हा आली कोण जाणे. "बाबा चुकलेले नाहीत. तुम्ही तुमच्या घरी खिडकी उघडीच ठेवा. ही त्यांनी माझ्यासाठी बंद केली आहे. मला दमट हवा लागते म्हणून." ती उंबरा ओलांडून पुढे आली. "आणि तुम्ही हसाल हे त्यांना माहीत होतं."

मास्तर कधी उठून गेले ते मी पाहिलं नाही. शैलेश खांबाला धरून उभा होता. विशाखा तिच्या भावाकडे वळली आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "दादा, तू जा. मी चवथीक येतंय."

सुहासनं तिच्याकडे नीट पाहिलं. त्यानं खिशातलं तिचं तिकीट काढून शैलेशच्या हातात दिलं.

"चवथ म्हणजे?" यांनी मला विचारलं. उत्तर तिनंच दिलं.

"गणपती, बाबा. गणपतीला आमच्याकडे सगळे घरी येतात. मुंबईचे, पुण्याचे, सगळे. मी पण तेव्हा जाईन आणि परत येईन."

"हां," हे म्हणाले. "गणपतीले जाजो. तवर कूलर उतरलेला असते."

एवढं बोलून ते घाईघाईनं उठले. कूलरच्या टाकीत पाणी टाकायचं आहे म्हणाले, आणि पाइप घेऊन घराच्या मागे गेले. मी मागोमाग गेले. टाकी मी दुपारीच काठोकाठ भरलेली होती. हे माझ्याकडे पाठ करून पाइप धरून उभे होते आणि पाणी टाकीवरून सांडून अंगणात वाहत होतं. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, तांब्याभर पाणी सांडलं तरी मी घर डोक्यावर घेते. त्या संध्याकाळी मी तिथे उभी राहिले आणि ते वाहू दिलं.